सर्व्हरला एएमसी (वार्षिक देखभाल करार) आहे, सर्व्हर चालवणाऱ्याला कोण शिकवणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात ऐरोली, रबाळे, महापे इकडच्या डेटा सेंटरच्या बातम्या अधूनमधून येतात, इतके कोटी, इतके मेगावॅट, इतके एकर. मी त्या वाचते, कात्रणं पण ठेवते. पण त्या इमारतींच्या आत, किंवा माझ्यासारखं जिल्ह्याच्या गावात एसी लावलेल्या एका खोलीत जे कोण सर्व्हर सांभाळत बसलेलं असतं ते शिकलं कुठं, पुढचं शिकतं कधी आणि कोणाच्या पैशानं, यावर एक ओळ वाचल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून आज लिहायला बसले. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, कात्री तुमच्याकडं आहेच.

मी सांगलीत एका नागरी सहकारी बँकेत आहे, नाव लिहीत नाही कारण नोकरी टिकवायची आहे. ऑर्डरवर हुद्दा 'ईडीपी ऑफिसर' असा जुनाट आहे, काम सगळं सर्व्हरचं. आमच्याकडं लोखंडाचे सर्व्हर फक्त तीन, पण त्या तिघांवर मिळून एकतीस सर्व्हर चालतात, कोअर बँकिंगचा वेगळा, एसएमएसचा वेगळा, क्लिअरिंगचा वेगळा, हजेरीच्या मशीनचा पण वेगळा. जुन्या वाड्यात कशी बिऱ्हाडं असायची, प्रत्येकाची चूल वेगळी, दार वेगळं, पण नळ आणि जिना सगळ्यांचा एकच, तसं. प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं आपण स्वतंत्र घरात राहतो. असं एक बिऱ्हाड म्हणजे एक व्हीएम, व्हर्च्युअल मशीन. वाड्याचा मालक म्हणजे हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर, आमच्याकडं व्हीएमवेअर कंपनीचं ईएसएक्सआय. यात पैसे वाचतात, वीज वाचते, जागा वाचते, सगळं खरं. फक्त पूर्वी एक सर्व्हर बसला की एक काम बसायचं, आता वाड्याचा जिना कोसळला की एकतीस बिऱ्हाडं एकदम अडकतात, आणि हे सांभाळणारं माणूस बहुतेक संस्थांत एकच असतं.

या माणसाला शिकवतं कोण? माझं सांगते. २०१४ ला व्हेंडरचा इंजिनिअर आला, दोन दिवसांत सगळं उभं केलं आणि जाताना अर्ध्या दिवसाचा 'हँडओव्हर' दिला. मॅडम, इथं राइट क्लिक, पॉवर ऑन, इथं राइट क्लिक, पॉवर ऑफ, हे हिरवं असलं की चांगलं, लाल झालं की मला फोन करा. एक रिंग फाइल दिली आणि गेला. झालं शिक्षण. पुढं तीन वर्षांनी मी स्वतःच्या पैशानं, रजा टाकून, पुण्यात पाच दिवसांचा बेसिक कोर्स केला, फी माझ्या महिन्याच्या पगाराच्या वर होती. कोर्स वाईट नव्हता, इन्स्टॉल कसं करायचं, सेटिंग कुठं असतं, मशीन चालू असतानाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कसं सरकवायचं हे सगळं शिकले. पण त्या लॅबमध्ये काहीच बिघडत नव्हतं हो! वही उघडायची, पायरी एक, पायरी दोन, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. घरी येऊन मला वाटलं आपल्याला येतं.

येत नव्हतं, ते एका ३१ मार्चला कळलं.

बँकवाल्यांना ३१ मार्चची रात्र म्हणजे काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगते, वर्षअखेर, सगळा स्टाफ थांबलेला, खालून वडापाव आलेले, आणि पावणेदहाला सगळ्या काउंटरचे स्क्रीन एकदम थिजले. मी आत जाऊन बघते तर कोअर बँकिंगच्या डेटाबेसची मशीन उभ्या उभ्या थांबलेली आणि वर एक प्रश्न, अर्थ असा की या डिस्कला लिहायला आता जागाच उरलेली नाही, जागा मोकळी करून रिट्राय दाबा, कॅन्सल दाबाल तर मशीन बंद पडेल. दोन टेराबाइटचा डेटास्टोर, म्हणजे सगळ्या मशीनच्या फाइली ठेवायची जागा, शंभर टक्के भरलेला. कशानं? तर चौदा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरवाले पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, टाकायला आले होते, पॅचआधी स्नॅपशॉट काढला, पॅच बसला, चहा पिऊन गेले, स्नॅपशॉट तसाच.

स्नॅपशॉट हा शब्दच फसवा आहे. लोकांना वाटतं फोटो काढून ठेवला, म्हणजे बॅकअप झाला. तसं नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मूळ खतावणी बंद करून ठेवायची आणि आजपासूनच्या सगळ्या नोंदी एका नव्या वहीत लिहायच्या. खातं बघायचं झालं तर दोन्ही वह्या उघडायला लागतात. नवी वही रोज फुगत जाते, आणि मूळ खतावणी फाटली तर नव्या वहीला काही अर्थ उरत नाही. स्नॅपशॉट 'डिलीट' करायचा म्हणजे नव्या वहीतल्या नोंदी मूळ खतावणीत उतरवून घ्यायच्या. व्हीएमवेअरनं स्वतःच लिहून ठेवलंय की एक स्नॅपशॉट ७२ तासांच्या वर ठेवू नका. आमचा चौदा महिने होता, आमची नवी वही ४१० जीबी झाली होती.

आता मजा बघा. व्हेंडरला फोन लावला, पलीकडं कोण तरी नवं पोरगं, ते म्हणतं मॅडम त्या फोल्डरमध्ये शेवटी शून्य शून्य एक असलेली एक मोठी फाइल दिसते का, ती उडवा, जागा होईल. म्हणजे चौदा महिन्यांच्या नोंदींची वहीच जाळायला सांगत होता! मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, खरंच सांगते, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. मागं मॅनेजर साहेब उभे, मॅडम किती वेळ, मॅडम किती वेळ.

आणि तेव्हा पुण्याच्या कोर्समधल्या सरांचं एक वाक्य आठवलं, वर्गातलं नाही, टपरीवर चहा घेताना बोललेलं. ते म्हणाले होते, प्रत्येक चालू व्हीएमला जेवढी मेमरी दिलेली असते तेवढ्या साइजची एक स्वॅप फाइल डिस्कवर पडलेली असते, रिझर्व्हेशन टाकलं नसेल, म्हणजे मेमरी आधीच राखून ठेवलेली नसेल तर, आणि मशीन बंद केली की ती आपोआप जाते. म्हणून जीव जायची वेळ आली तर एखादी बिनकामाची मशीन बंद करून बघा. त्याच डेटास्टोरवर आमची एक टेस्टिंगची मशीन चालू होती, ३२ जीबी मेमरीची. बंद केली. ३२ जीबी जागा झाली. रिट्राय दाबलं. काउंटरचे स्क्रीन हलले. एकूण पस्तीस मिनिटं गेली, त्यातली तीस मी नुसतं न दाबता बसले होते. पुढच्या रविवारी मशीन बंद ठेवून ती वही मूळ खतावणीत उतरवली, अकरा तास लागले, डबा तिथंच खाल्ला.

मला विचाराल तर अॅडव्हान्स ट्रेनिंग म्हणजे हे. टपरीवरचं ते वाक्य वर्गात आलं पाहिजे, नुसतं वाक्य पण नको, वर्गात मुद्दाम डेटास्टोर भरून द्यायचा, घड्याळ लावायचं आणि सांगायचं, काढा यातून वाट. एकदा हात थरथरून झाले की दुसऱ्यांदा कमी थरथरतात.

दुसरं उदाहरण जरा कमी थरारक आहे पण रोजचं. सॉफ्टवेअर स्लो झालं की व्हेंडर म्हणतो सीपीयू वाढवा. आम्ही एका मशीनला चाराचे आठ केले, आठाचे सोळा केले, आणि ती आणखी स्लो झाली. साहेबांना पटेना, मला पण कळेना. मग ईएसएक्सटॉप नावाचं काळ्या पडद्यावरचं टूल शिकले, त्यात 'रेडी' आणि 'को-स्टॉप' असे आकडे असतात. लग्नाच्या पंगतीत दोघं आले तर कुठं पण बसवता येतं, सोळा जणांचं कुटुंब आलं आणि म्हणालं आम्ही एकत्रच बसणार, तर त्यांना सोळा पाट मोकळे होईपर्यंत उभं राहावं लागतं. अगदी तसंच नसतं, हल्ली थोडी सूट असते, मागं-पुढं बसलेलं चालतं, पण फार मागं-पुढं झालं की पुढच्यांना थांबवून ठेवतात. 'रेडी' म्हणजे ताट वाट्या घेऊन उभं राहण्यात गेलेला वेळ. सोळाचे परत सहा केले आणि मशीन पळायला लागली. व्हेंडर तोपर्यंत नवीन सर्व्हरचं कोटेशन देऊन गेला होता! हे टूल काही गुपित नाही, सॉफ्टवेअरच्या आतच असतं, फुकट असतं, फक्त बेसिक कोर्समध्ये त्याचं नाव घेऊन पुढं जातात.

तिसरं सांगते आणि मग मुद्द्यावर येते. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमची सर्व्हर रूम तळमजल्यावर. आधी सगळ्या मशीन रीतसर बंद केल्या, मग शिपाई मामा, दोन वॉचमन आणि मी, एकेक सर्व्हर जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर नेला, सकाळी तळमजल्यात पाणी. सामान वाचलं, सगळे शाबास म्हणाले. पाणी ओसरल्यावर, लाइट आल्यावर, सुरू करायला गेले तर काहीच सुरू होईना. मी आधी सर्व्हर चालू केले आणि मग स्टोरेज, सर्व्हरनी डिस्क शोधल्या, सापडल्या नाहीत, गप्प बसले. ते निस्तरलं. मग व्हीसेंटरला, म्हणजे सगळे सर्व्हर एका जागेवरून चालवायच्या सॉफ्टवेअरला, लॉगिन होईना, कारण लॉगिन डोमेनवरून, म्हणजे सगळ्यांची नावं-पासवर्ड एका ठिकाणी तपासले जातात तिथून, डोमेनचा सर्व्हर स्वतःच एक व्हीएम, तो अजून बंद. तो चालू करायला व्हीसेंटर पाहिजे, व्हीसेंटर पण व्हीएमच, ते आलं तरी नाव शोधायला डीएनएस पाहिजे, डीएनएस पण त्या बंद डोमेन सर्व्हरवरच. होस्टवर, म्हणजे लोखंडाच्या सर्व्हरवर, थेट जावं तर त्याचा रूट पासवर्ड एक्सेलच्या फाइलमध्ये, आणि ती एक्सेल फाइल कुठं तर फाइल सर्व्हर नावाच्या व्हीएममध्ये. कपाटाची किल्ली कपाटात!

शेवटी तो पासवर्ड कुठं मिळाला माहितीय? २०१४ च्या त्या रिंग फाइलमध्ये, तिसऱ्या पानावर, व्हेंडरच्या पोरानं बॉलपेननं लिहिलेला. ती फाइल वरच्या मजल्यावर जुन्या कर्जरोख्यांच्या गठ्ठ्यात होती म्हणून वाचली. त्या पोराला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या पाच वर्षं, त्या सगळ्या मागं घेतल्या. आता आमच्या रॅकच्या दाराला आतून एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय, आधी स्विच, मग स्टोरेज, मग होस्ट, मग डोमेन-डीएनएस, मग व्हीसेंटर, मग डेटाबेस, शेवटी अॅप्लिकेशन. पासवर्ड लिफाफ्यात, सील करून, स्ट्राँगरूममध्ये. चाळीस मिनिटांचं काम, पण ते कोणी शिकवलं नव्हतं म्हणून त्या दिवशी पाच तास लागले, आणि खाली लोक पैसे काढायला रांगेत उभे होते, ज्यांची घरं बुडाली होती ते.

आता कोणी म्हणेल हे तुमच्या लहान संस्थांचं रडगाणं आहे. बरं, मोठ्यांचं बघू. ३ फेब्रुवारी २०२३ ला युरोपातून सुरुवात होऊन जगभर ईएसएक्सआय सर्व्हरवर एक रॅन्समवेअर, म्हणजे फाइली एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरलं, ईएसएक्सआयआर्ग्ज नावाचं, हजारो सर्व्हर गेले. ज्या भोकातून ते शिरलं ते भोक बुजवणारा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच आलेला होता. दोन वर्षं! का टाकला नसेल? मला विचारा. पॅच टाकायचा म्हणजे होस्ट मोकळा करायला लागतो, त्यावरच्या मशीन दुसरीकडं सरकवायला लागतात, दुसरीकडं जागा आहे का याचा हिशोब करायला लागतो, आणि पॅच टाकल्यावर होस्ट परत उठलाच नाही तर? ज्यानं हे कधी करून बघितलेलं नाही तो म्हणतो चालतंय ना, चालू दे. यात आळसापेक्षा भीती जास्त असते, आणि ती सर्क्युलर काढून जात नाही. त्यातली गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी त्या हल्ल्यात लहान लहान कॉन्फिगरेशनच्या फाइल एन्क्रिप्ट झाल्या होत्या पण डेटाची मोठी फाइल शाबूत होती, त्यामुळं ज्याला व्हीएमच्या फोल्डरमध्ये कुठली फाइल कशासाठी असते हे माहिती होतं तो मशीन परत उभी करू शकला. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं नंतर त्यासाठी स्क्रिप्टच काढली. माहिती नव्हतं त्यानं फॉरमॅट मारला असणार.

२०२४ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं आणखी एक उघड केलं, ईएसएक्सआय होस्ट जर कंपनीच्या डोमेनला जोडलेला असेल तर डोमेनमध्ये 'ईएसएक्स अॅडमिन्स' एवढ्या नावाचा ग्रुप कोणी तयार केला तरी त्यातल्या सगळ्यांना होस्टचे पूर्ण अधिकार मिळायचे. नुसतं नाव जुळलं की झालं. ही बातमी मी किती मराठी पेपरात शोधली, असो. आणि त्याच महिन्याच्या शेवटी लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर आलं आणि देशातल्या जवळपास तीनशे छोट्या बँकांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं, ते तुम्ही छापलं होतं, पहिल्या पानावर असणार.

दक्षिण कोरियाचं तर ताजंच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळं आग लागली, सहाशेच्या वर सरकारी सेवा एका फटक्यात बंद, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचं जे सामाईक स्टोरेज होतं, ८५८ टेराबाइटचं, त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. ते गेलं. आपल्याकडं २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागद जळाले होते, म्हणून आपण म्हणालो सगळं कॉम्प्युटरवर घेऊ. घेतलं. ते सांभाळणाऱ्याला आग लागल्यावर काय करायचं हे शिकवलं का, एवढंच विचारते.

यात अलीकडं लायसन्सचं एक नवीन झेंगट आलंय. नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरपासून कायमची लायसन्स विकणं बंद केलं, आता वर्षाचं भाडं, ते पण कोअर मोजून, एका सीपीयूचे कमीत कमी १६ कोअर धरणार, तुमचे आठ असले तरी. आमच्या चेअरमन साहेबांनी कोटेशन बघून विचारलं, मॅडम आपण हे विकत घेतलं होतं ना? होतं साहेब. मग आता भाडं कसलं? काय सांगणार. वर आमचं जे व्हर्जन होतं, सात, त्याचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून माझ्यासारख्या कितीतरी संस्था प्रॉक्समॉक्सकडं बघायला लागल्यात, ते ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचं, लिनक्सच्या केव्हीएम नावाच्या हायपरव्हायजरवर चालणारं, ओपन सोर्स. चांगलं आहे, मी घरी चालवते.

पण 'फुकट आहे, टाका' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. दोन सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारी जोडी, केला आणि एक बंद पडला तर दुसरा म्हणतो माझी गणपूर्ती झाली नाही, मी काही सुरू करणार नाही. सहकारातल्या माणसाला हे लगेच कळतं, वार्षिक सभेत माणसं कमी पडली की सभा तहकूब, तसंच. फरक एवढाच की आपली तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी होऊन जाते, ही होत नाही, तिसरं मत कुठून तरी आणायला लागतं. विंडोजची मशीन इकडून तिकडं नेताना व्हर्टआयओचे ड्रायव्हर, नव्या जागी डिस्क आणि नेटवर्क ओळखायला लागतात ते, आधी टाकायला विसरला की उठल्यावर निळा स्क्रीन. ही सगळी ठेच मी घरच्या जुन्या पीसीवर लागून घेतली म्हणून ऑफिसात लागली नाही. ज्याच्याकडं घरी जुना पीसी नाही त्यानं कुठं ठेच लागून घ्यायची? चालू बँकेवर? आणि ज्यानं फक्त कुठलं बटण कुठं आहे एवढंच शिकलंय त्याची तर नवीन स्क्रीनवर पाटी कोरी. ज्याला रेडी टाइम, स्वॅप, गणपूर्ती, वह्यांचा हिशोब कळलाय त्याला बटणं शोधायला फार तर आठवडा लागतो.

सर्टिफिकेटचं पण बोलून टाकते. आपल्याकडं एमएससीआयटीचा कागद जोडला की कॉम्प्युटर आला असं धरायची सवय लागलीय, तीच इथं. परीक्षांचे 'डंप' टेलिग्रामवर फिरतात, प्रश्न आणि उत्तरं पाठ, दोन रात्रींत पास. एका मुलाखतीला मी पॅनेलवर होते, मुलाकडं मोठं सर्टिफिकेट, मी विचारलं स्नॅपशॉट आणि बॅकअप यात फरक काय, तो म्हणाला मॅडम सेमच असतं, स्नॅपशॉट फास्ट असतो.

मॅनेजमेंटची बाजू पण आहे, नाही असं नाही. शिकवलं की पोरं पुण्याला पळतात. पळतात! माझ्या हाताखाली एक मुलगा दोन वर्षं होता, हुशार, त्याला सगळं शिकवलं आणि तो हिंजवडीला दुप्पट पगारावर गेला. मला राग आला होता. पण जाताना त्यानं ऐंशी पानांची वही लिहून ठेवली, मराठीत, कुठल्या मशीनचं काय दुखतं ते, आणि अजून रात्री फोन केला तर उचलतो. मोठ्या शहरातली मोठी कंपनी असं माणूस शिकवत बसत नाही, ती तयार घेते, तयार होतात आमच्यासारख्या ठिकाणी, धडपडून. हे असंच चालणार असेल तर निदान धडपडायला रीतसर जागा तरी द्या.

जागा म्हणजे काय ते सांगते, फार खर्चाचं नाही. प्रत्येक जिल्ह्यात इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेज आहे, प्रत्येक बँकेत, कारखान्यात, हॉस्पिटलमध्ये चार-पाच वर्षं वापरून बाजूला काढलेले सर्व्हर पडून आहेत, भंगारात जातात. त्यातले चार-पाच आणि एक जुनं स्टोरेज एका खोलीत लावा. एका सर्व्हरच्या पोटात चार होस्ट व्हीएम म्हणून उभे करता येतात, त्याला नेस्टेड म्हणतात, त्यामुळं थोड्या लोखंडात पुष्कळ माणसं शिकतात. तीन महिन्यांतून एकदा दोन दिवस जिल्ह्यातले सगळे अॅडमिन तिथं जमवा, आणि शिकवणाऱ्यानं स्लाइड दाखवायच्या नाहीत, त्यानं आदल्या रात्री येऊन सगळं मोडून ठेवायचं. केबल काढून ठेवायची, डेटास्टोर भरून ठेवायचा, घड्याळ वीस मिनिटं मागं करायचं, एखाद्या मशीनची फाइल खरीच उडवायची आणि बॅकअपमधून आणायला लावायची, स्टॉपवॉच लावून. घड्याळ मागं गेलं तर काय होतं असं वाटेल, डोमेनचं लॉगिन पाच मिनिटांच्या फरकाच्या वर चालत नाही, करून बघा एकदा.

पैशाचं म्हणाल तर ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्या सहकार कायद्यात २४-अ कलम आलं, सभासद, पदाधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं. त्याखाली आदर्श उपविधी आणि सभा कशी घ्यावी यावर व्याख्यानं होतात, हॉटेलात, जेवणासकट. मी बसलेय, जेवण चांगलं असतं. त्यातलेच दोन दिवस इकडं वळवा. रिझर्व्ह बँकेनं ३१ डिसेंबर २०१९ ला नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर सुरक्षेची चौकट दिली, सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, एप्रिल २०२२ चा आदेश म्हणतो की घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा. सहा तासांत कळवायचं तर काय झालंय ते सहा तासांत कळायला तर पाहिजे ना!

ऑडिटर साहेबांना पण एक विनंती. दरवर्षी येऊन तुम्ही विचारता बॅकअप घेता का, मी म्हणते हो, तुम्ही टिक करता. असं विचारा की शेवटचा रिस्टोर कधी केलात, कुठल्या मशीनचा, किती मिनिटं लागली, आणि मॅडम रजेवर असताना तो कोण करणार. शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडं आज उत्तर नाही. मी चार दिवस गणपतीपुळ्याला गेले होते तर फोन गळ्यात टांगून ठेवला नाही एवढंच, हातातून सुटला नाही.

राहता राहिलं एक. आमच्या बँकेच्या गच्चीवरच्या खोलीत, मागच्या संचालक निवडणुकीच्या बॅनरखाली, दोन जुने सर्व्हर पडून आहेत, प्रत्येकी १२८ जीबी मेमरी, डिस्क काढून नष्ट केल्यात, बाकी ठणठणीत. देऊन टाकायला चेअरमन साहेब तोंडी हो म्हणालेत, लेखी मी घेते. सांगली-मिरज-कुपवाड परिसरात कुठल्या कॉलेजकडं एसी असलेली रिकामी खोली आणि धड अर्थिंग असेल तर त्यांनी तुमच्या ऑफिसात निरोप ठेवावा, मी सर्व्हर टेम्पोत घालून स्वतः आणून लावून देते. मोडायचं काम पहिल्या वेळी मी करीन.

आपली,
एक ईडीपी ऑफिसर,
सांगली